आईच्या खोलीतली गादी

बाबा,

तुम्ही दूध आणायला गेलात तेवढ्यात मी आईच्या खोलीतली गादी जमिनीवर अंथरली आहे. ती उचलू नका. बारा वाजता मुक्ताला बालवाडीतून घेऊन येते. मग ती तिथे उड्या मारेल, कोलांट्या घेईल.

आई जाऊन दोन महिने झाले, तरी पोर घरात चवड्यांवर चालते. आईच्या आजारपणात ‘आजी झोपली आहे, हळू’ असं सांगून आपणच तिला तसं शिकवलं. काल बालवाडीच्या बाई सांगत होत्या, मैदानातही ती पळत नाही, भिंतीला टेकून उभी राहते.

खालच्या विमलाबाई तक्रार घेऊन आल्या तर सांगा, आवाज होणार, रोज होणार. तुम्हाला सोसला नाही तर माझ्यावर रागवा. तिला मात्र या घरात यापुढे कुणी ‘हळू’ म्हणायचं नाही. मीसुद्धा नाही.

संचिता