हेनामच्या गाळाला मिठाची सवय

४ नोव्हेंबर, सकाळी ६
किमजांग, म्हणजे हिवाळ्याची किमची घालायचा हंगाम, तोंडावर आला. महिनाभर अख्खं हेनाम किमचीसाठी कोबी खारवणार आणि मिठाचं पाणी माझ्या सांडपाणी प्रकल्पात सोडणार. टाकीतल्या गाळात घाण खाणारे जिवाणू असतात; मीठ एकदम आलं की दरवर्षी मरतात. यंदा नाही. घरोघर वेळापत्रक देणार: रोज थोडं थोडं वाढवा. सवय लागेल. १२ डिसेंबरला तपासणी. पाणी नितळ निघालं की प्रकल्पप्रमुखाची खुर्ची माझी.
आजपासून सोजू बंद, दारूला शिवायचं नाही.

९ नोव्हेंबर
वेळापत्रकं वाटली. बायकांनी उकडलेलं डुकराचं मांस, ताजी किमची आणि सोजू पुढे केली. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. चार घरं. चारही ठिकाणी सभ्यपणे वागलो.

२६ नोव्हेंबर
जिंकलो! मीठ तिप्पट, तरी पाणी नितळ. लॅबमधल्या बांगबाई म्हणाल्या, साहेब, आता या जिवाणूंना मिठाशिवाय करमायचं नाही. गोडं पाणी एकदम आलं तर फुटतील. म्हटलं, गोड्या पाण्याने कधी कोणी मेलंय? म्हणाल्या, बुडून मरतात की.
बाई तोंडाळ आहेत.
ग्वाकला फोन करून विजय ऐकवला. तो शेजारच्या प्रकल्पात आहे. लष्करात माझ्या हाताखाली होता, अजून दादा म्हणतो.

३ डिसेंबर
वेळापत्रकानुसार काल मिठाचा शेवटचा दिवस. सगळ्या घरांनी एकदम थांबवलं. अशी शिस्त हेनामने कधी पाहिली नसेल.

६ डिसेंबर
टाकीवर गुडघाभर फेस. पाणी तांदूळ धुतल्यासारखं. गाळ तळाला बसायचं नाव घेईना. घाबरलो. दुकानातून मीठ आणून सात पोती ओतली. बांगबाई ओरडल्या, अहो, एक काय ते ठरवा! उरलेसुरले जिवाणूही गेले. मिठाचा दर्जा खराब असावा.

९ डिसेंबर
ग्वाककडे जिवंत गाळ मागितला. मागितला नाही, सुचवलं. तीन टँकर घेऊन स्वतः आला. दादा, जेवलास का, एवढंच विचारलं. डोळे भरून आले. वारा फार होता.

१२ डिसेंबर
तपासणीत पास! तपासनीसांनी विचारलं, गाळ एवढा तजेलदार कसा? मी तोंड उघडायच्या आत बांगबाईंनी सगळं सांगून टाकलं.

२० डिसेंबर
दोन्ही प्रकल्पांचा प्रमुख: ग्वाक.
आल्याआल्या म्हणाला, दादा, मला साहेब म्हणायचं नाही हं. म्हटलं, म्हणतंय कोण?
मग त्याने फाइल उघडून विचारलं, टाकीत सात पोती मीठ कुणी ओतलं?
मी, साहेब.