तीन ठोके, मग उसंत

२ फेब्रुवारी २००४, सोमवार
रांझी, जबलपूर

पोचले, बाबा. पेटी, आईने दिलेले तिळाचे लाडू आणि मी, सगळे धड पोचलो. बसस्टँडवर भागीरथा आत्या घ्यायला आली होती. पेटी उचलून पाहिली आणि विचारलं, सौंसरहून दगड आणले काय. पुस्तकं आहेत म्हटल्यावर तिने रिक्षावाल्याला ते दोनदा सांगितलं, आणि घरी येईपर्यंत गल्लीतल्या निम्म्या बायकांना. आत्या इथल्या सरकारी फॅक्टरीच्या कँटीनमध्ये कामाला आहे. खोली एकच, पण खिडकीपाशी माझ्यासाठी टेबल मांडून ठेवलंय. टेबल! आपल्या घरात कधी होतं?

ही वही बाबांसाठी. निघताना ते म्हणाले, रोज काय केलं ते लिहीत जा आणि घरी आली की मले वाचून दाखव. घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. म्हणून चांगल्या अक्षरात लिहीन आणि खरं तेच लिहीन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिस नेपियर टाउनमध्ये आहे, चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. मालक श्रीरंग सर हळू बोलतात आणि चहा स्वतः गाळतात. माझ्यासोबत काम करणारा चंद्रशेखर इथलाच आहे. त्याला घरची मराठी समजते, पण दोन वाक्यांनंतर गाडी हिंदीवर जाते. सगळे त्याला चंद्रू भैया म्हणतात.

बाबा, काम नीट ऐका, कारण तुम्ही ते संत्र्याच्या बागेत कामावर सगळ्यांना सांगणार. आमचं मशीन म्हणजे साधा कॉम्प्युटर. त्यात एक कार्ड बसवतात, कार्डाला लांब वायर, आणि वायरच्या टोकाला बोटाला लावायची चिमटी. रोग्याच्या बोटाला ती लावली की नाडीचे ठोके पडद्यावर हिरव्या रेघेत चालताना दिसतात. ठोके थांबले की रेघ आडवी आणि लाल होते, आणि अलार्म वाजतो. सिस्टर कुठेही असो, धावत येते. लहान नर्सिंग होमवाल्यांना परदेशी मशीन परवडत नाही, ते आमचं घेतात.

पण कॉम्प्युटरला नवा पुर्जा आपोआप ओळखता येत नाही. त्याची ओळख करून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवी सून आली की ही सासू, हा दीर, असं एकेकाशी भेटवतात, तसं. कार्डाचा ड्रायव्हर वेगळा, आवाजाचा वेगळा. मग आमचं सॉफ्टवेअर. दर वेळी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. शेवटी, मशीन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी, मी तपासते. चिमटी स्वतःच्या बोटाला लावते. माझे ठोके दिसले की चिमटी काढते. अलार्म कोकलला तरच मशीनवर पांढरा स्टिकर आणि त्यावर माझी सही.

चंद्रू भैया याला मरणं म्हणतो. आज त्याने खालच्या चष्मेवाल्याला सांगितलं की आमच्या नव्या दीदी सकाळपासून चार वेळा मेल्या, तरी डबा पूर्ण संपवला. रोग्याच्या नावाच्या जागी तो काहीही लिहितो, कधी मेव्हण्याचं नाव लिहितो. मी स्वतःचंच लिहिते. दुसऱ्याचं नाव लिहून रेघ आडवी करायला मन धजत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मी हळू आहे म्हणतात. एकदा अलार्म वाजला तरी मी पुन्हा चालू करून पाहते, आणि एखादा ड्रायव्हर बदलला तर सगळं पहिल्यापासून. चंद्रू भैया डोक्याला हात लावतो. म्हणतो, "अरे काहून इतकी मरून राहिली? एक बार में मर जाओ ना, दीदी!" मीही हसले, पण रस्ताभर ते मनात राहिलं.

श्रीरंग सरांनी मात्र सगळ्यांसमोर सांगितलं की प्रतिमाने तपासलं म्हणजे तपासलं. बाबा, हे वाक्य मी तुम्हाला दोनदा वाचून दाखवणार.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज दिवसभर बत्ती येत-जात होती. जवळच्याच नर्सिंग होमचं मशीन न्यायला गाडी खाली उभी होती. मी ते तपासलं, अलार्म वाजला, स्टिकर काढून हातात घेतला, एवढ्यात सरांनी कार्डाच्या नव्या ड्रायव्हरची सीडी आणून दिली आणि हा टाकूनच पाठवा म्हणाले. टाकला. बंद करून चालू केलं. ठोके दिसले, आधीपेक्षा स्वच्छ. चिमटी काढून अलार्म पुन्हा ऐकायचा राहिला होता. खालून गाडीवाला हॉर्न देत होता आणि चंद्रू भैया दारात उभा राहून म्हणत होता की चलो, आता दीदीचं तेरावं करूनच मशीन निघेल.

मी स्टिकर लावला. थोड्या वेळापूर्वी तर वाजला होता.

चंद्रू भैयाने टाळी वाजवली. सरही म्हणाले की आज हात चांगला चालला. सगळ्यांसारखी झाले असं वाटलं, बरं वाटलं.

१ मार्च, सोमवार

त्या नर्सिंग होममध्ये शुक्रवारी एक म्हातारे गेले. टिकाराम नाव, पनागरचे, मटार पिकवायचे. आमच्याच मशीनवर होते. दुपारी, भेटायच्या वेळेच्या आधी, कोणाला न कळता गेले. मुलगा डबा घेऊन आला तेव्हा बोट थंड होतं आणि पडद्यावर लाल रेघ.

ड्यूटीवर कलावती सिस्टर होत्या. त्या म्हणतात, शेजारच्या खोलीत सलाइन बदलत होते, अलार्म वाजलाच नाही. नातेवाइकांनी त्यांच्या अंगावर धावून जाऊन शिव्या दिल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आज आमच्या ऑफिसात फोन केला. सरांनी शांतपणे सांगितलं की मशीन आमच्या प्रतिमाने तपासलंय, तिच्या हातून चूक होत नाही. सिस्टरनेच आवाज कमी केला असेल, असं ठरलं. त्यांना कामावरून काढलं.

मी तिथेच उभी होते. पाण्याचा ग्लास भरत होते. भरून वाहिला.

४ मार्च, गुरुवार

सगळे जेवायला गेल्यावर मी एक नवं मशीन घेतलं. त्या दिवशीसारखंच सगळं केलं. आधी आवाजाचा ड्रायव्हर, मग आमचं सॉफ्टवेअर, शेवटी ती नवी सीडी. बंद करून चालू केलं. चिमटी लावली, काढली.

रेघ आडवी झाली, लाल झाली. आवाज आला नाही.

स्पीकर पाहिला, वायर पाहिली. सगळं ठीक. नव्या ड्रायव्हरने आवाजाच्या ड्रायव्हरची जागा घेतली होती, एवढंच. पुन्हा एकदा चिमटी काढून पाहिली असती तर त्या दिवशीच कळलं असतं.

आवाजाचा ड्रायव्हर शेवटी टाकला की अलार्म वाजतो. बाकीची मशीनं मी तशी नीट केली. चंद्रू भैयाला म्हटलं, यापुढे असंच करू. त्याने का ते विचारलं नाही.

हे पान बाबांना वाचून दाखवणार नाही.

९ मार्च, मंगळवार

कलावती सिस्टर ऑफिसात आल्या. सर बाहेर गेले होते. बारीक बाई, केस पांढरे होत आलेले. भंडाऱ्याकडच्या, म्हणून मराठीतच बोलल्या. मला वाटलं भांडतील. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि टिकारामांबद्दल बोलत राहिल्या. त्यांची नाडी हाताने पाहायची सिस्टरना सवय होती. तीन ठोके, मग उसंत. मटाराचं पोतं घेऊन चढणारा माणूस थांबत थांबत चढतो, तशी. म्हातारा हसून म्हणायचा, घाबरू नको बाई, अजून दम घेऊन राहिलो, पोचलो नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, खरं सांग. तू तपासलं तवा वाजला होता ना? वाजला असंन तर मले ऐकू काहून नाही आलं? माझेच कान गेले काय?" गेल्या आठवड्यात त्या कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आल्या होत्या. कान चांगले आहेत म्हणाला, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

मी म्हटलं, हो, वाजला होता.

त्या उठल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

१४ मार्च, रविवार

आत्यासोबत विहारात वंदनेला गेले. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज निघाला नाही. ओठ हलत होते. घसा दुखत नव्हता. पाचव्याला आवाज परत आला. आत्या म्हणाली, उन्हाळा लागून राहिला, माठातलं पाणी पीत जा.

१७ मार्च, बुधवार

आज ऑटोवाल्याला थांबा म्हटलं, तो थांबला नाही. पुन्हा म्हटलं. शेवटी पाठीवर हात मारला तेव्हा दचकला. म्हणाला, "दीदी, बोलना तो था!"

ऑफिसात तपासायला दोन मशीनं होती. पहिल्यावर चिमटी काढली, अलार्म नाही. दुसऱ्यावरही नाही. चंद्रू भैयाला बोलावलं. त्याने स्वतःच्या बोटाला लावून काढली, इतक्या जोरात वाजला की खालून चष्मेवाला ओरडला. पुन्हा मी लावली. काढली. लाल रेघ. शांत.

चंद्रू भैया हसला. म्हणाला, तुम्ही इतक्या वेळा मेल्या, मशीनचा विश्वास उडाला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चिमटी माझ्या हातातून काढून घेतली.

२२ मार्च, सोमवार

नर्सिंग होमने मशीन परत पाठवलं. स्टिकर अजून आहे. माझी सही, नीट, वळणदार.

चंद्रू भैयाने ते पुसून कोपऱ्यातल्या टेबलावर चालू करून ठेवलं. भर दुपार, खिडकीत ऊन. मी डबा उघडत होते. पडद्यावर हिरवी रेघ चालत होती.

चिमटी टेबलावर पडली होती. रिकामी. तिच्यात बोट नव्हतं, फडकं नव्हतं, काही नव्हतं.

तीन ठोके. मग उसंत. तीन ठोके. मग उसंत.

मी प्लग काढला. पडदा विझायला फार वेळ लागला.

२३ मार्च, मंगळवार

आत्याला सगळं सांगितलं. चूल पुसेपर्यंत सांगत होते. ती वळली आणि म्हणाली, आज अशी गुमसुम काहून बसली, एक शब्द नाही बोलली.

मी तर —

२४ मार्च, बुधवार

सरांच्या खोलीत गेले. समोर उभी राहिले. सांगितलं, सर, सिस्टरची चूक नाही, मी पुन्हा तपासलं नव्हतं, नव्या ड्रायव्हरने आवाज बंद केला. शब्द सगळे तोंडात नीट होते. सरांनी वर पाहिलं, दाराकडे, नजर माझ्यामधून आरपार गेल्यासारखं. मग उठले आणि पंखा बंद केला. खोली रिकामी सोडताना करतात तसा. माझ्या खांद्याला घासून गेले, तरी —

त्या दिवशी सिस्टरला हो म्हटलं, ते नीट ऐकू गेलं होतं. त्यानंतर एकही महत्त्वाचा शब्द कोणापर्यंत —

लिहिता येतं अजून. दाखवताही येईल. उद्या तेच मशीन सर्वांसमोर चालू करून ठेवायचं. डोळ्यांनी पाहतील. पडदा लाल आणि आवाज नाही. मग सिस्टरला परत घेतील. एवढंच हवंय. माझी नोकरी गेली तरी —

२५ मार्च, गुरुवार

दुपार. सगळे बाहेरच्या खोलीत जेवत आहेत. मशीन चालू केलं. नावाच्या जागी टिकाराम होतं, ते पुसून माझं लिहिलं. चिमटी डाव्या हाताला. उजव्याने लिहितेय.

ठोके दिसतात. माझेच. आता ती काढून सरांना बोलावून आणते.

निघत नाही.

दाब नाही, दुखत नाही, फक्त निघत नाही. वायर ओढली, टेबलच सरकलं. रेघ —

तीन ठोके. उसंत. तीन ठोके. उसंत मोठी होतेय.

चंद्रू भैया तिकडे मेव्हण्याची गोष्ट सांगतोय, सर हसले. भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. मी हाक मारली. पुन्हा मारली. ग्लास जमिनीवर टाकला, फुटला. तोही —

पडद्यावरचा नाडीचा आकडा उतरतोय. दोन ठोके. पडदा लाल झाला. हा स्पीकर माझ्या तोंडासमोर आहे आणि —

बाबा, ही वही कोणाकडून तरी वाचून घ्या. ते राहिलेलं पानही. मी वाचून दाखवणार होते.

सरांना सांगा. कलावती सिस्टरचे कान चांगले आहेत. मीच पुन्हा तपासलं नाही. अलार्म वाजलाच न