डावीकडचं बटण

जुळे सोलापूर,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय प्रभामावशी,

नमस्कार आणि दोन दिवसांचा शिळा तिळगूळ.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. पोस्टावर माझा भरवसा नाही, मंगळवेढ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. स्टँडसमोर तुमच्या भावाचं, नंदूमामांचं, सायकलचं दुकान आहे एवढंच मला माहीत. तेवढ्यावर पोचेल की. तिळगूळ फुटला असेल तर चमच्याने खा.

कशा आहात? ज्वारी कुठवर आली? इकडे गड्ड्याची यात्रा भरलीय. काल यात्रेत मौत का कुआँ बघायला गेलो आणि खेळ संपल्यावर मोटारसायकलवाल्याला विचारलं, माझ्यासाठी काही काम आहे का. तो म्हणाला, "गाडी चलाना आता है या सिर्फ देखना?" मी म्हटलं, सीख लूँगा. तर म्हणतो, "इधर सीखने को दूसरा राउंड नहीं मिलता, भाई." सगळे हसले. मी पण हसलो, पण ते वाक्य घरापर्यंत माझ्यामागे आलं.

बघा, कुठून सुरू केलं आणि कुठे गेलो. डायलिसिसचे आपले मल्लप्पा बरे आहेत, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. सूज उतरलीय, परवा त्यांनी चहाला साखर कमी म्हणून तक्रार केली.

हॉस्पिटलच्या काउंटरवर तुमच्या खुर्चीत सध्या रेश्मा नावाची नवीन मुलगी बसते. दाबायच्या आधी प्रत्येक बटण मोठ्याने वाचते, शाळेत धडा वाचल्यासारखं. तिच्याकडून एकही चूक झालेली नाही. सगळे म्हणतात, नव्या पोरीला जमतं मग बाईंना का नाही जमलं? मी आठवडाभर हे ऐकत होतो आणि मान हलवत होतो.

आता क्रमाने लिहितो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण क्रम सोडला की मी भरकटतो.

बाहेरगावचे पेशंट डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी फोन करून येतोय म्हणतात, मग तुम्ही त्यांची पाळी पक्की करता. इतकी वर्षं हे कॉम्प्युटरवर चालायचं. डिसेंबरात टॅब आला. त्याच संध्याकाळी अक्कलकोटच्या पलीकडून मल्लप्पांचा फोन आला. तुम्ही फोन मानेत धरून त्यांच्याशी कानडीत बोललात, "बर्री अण्णा, बर्री," म्हणजे या, या, आणि न बघता टॅबवर बोट ठेवलंत. सकाळी ते आले तर त्यांचं मशीन दुसऱ्याला दिलेलं. त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी अंग सुजलेलं, श्वास लागलेला, अशा अवस्थेत त्यांना उचलून आणलं. आणि रेकॉर्डमध्ये तुमच्या नावापुढे लिहिलेलं: पाळी रद्द.

तुम्ही तेव्हा कुणाशी भांडला नाहीत. "माज्या हातानं झालं," एवढंच म्हणालात आणि डबा पिशवीत घालून निघालात. त्या डब्यात माझी अर्धी भाकरी होती. तेव्हाही मला तीच आठवली, आता काय सांगू.

माझं काम काय असतं हे तुम्ही एकदा विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, बटणं करतो. तुम्ही म्हणालात, "शर्टाची व्हय?" तर मावशी, स्क्रीनवर जे जे दिसतं ना, बटण, तारखेचा चौकोन, हो की नाही विचारणारी खिडकी, ते सगळं आधी कुणीतरी बनवावं लागतं. कॉम्प्युटरसाठी एकदा, टॅबसाठी परत, घरच्यांनी मोबाईलवर पाळी बघायची तर त्यासाठी परत. दिसायला एकच, पण प्रत्येक ठिकाणचं सामान वेगळं आणि रीतही वेगळी. तयार भाग मिळतात, ते आणून बसवायचे. कॉलेज अर्धं सोडून हंपीत सायकली भाड्याने देत होतो, तिथे एका गिऱ्हाइकाने मला हे शिकवलं. ते परत कधीतरी.

आठवतंय, जेवायला बसलो होतो आणि मी शेंगाचटणी ताटात उजवीकडे वाढली होती? तुम्ही ओरडलात, "आरं, चटणी डावीकडं आसती! हितं वाढलीस तर मानूस भाजी समजून मोठा घास घेतंय की. जेवताना कोण ताटात बघतंय व्हय, हात आपला जातो." सगळे हसले. डॉक्टर निवेदिता मॅडमसुद्धा.

सोमवारी रेश्मा मोठ्याने वाचत होती आणि मला एकदम ती चटणी आठवली. पोरीचं बरोबर येतं, कारण तिने जुन्या कॉम्प्युटरवर कधी काम केलेलं नाही. तिच्या हाताला काहीच ठाऊक नाही, म्हणून ती बघते. तुमच्या हाताला ठाऊक होतं.

दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवल्या. कॉम्प्युटर विचारतो, पाळी ठेवायची का, तेव्हा 'ठेवा' डावीकडे आणि 'रद्द' उजवीकडे. टॅबवर उलटं. 'रद्द' डावीकडे. दोन्ही बटणं एकाच निळ्या रंगाची. टॅबच्या जगात तीच रीत आहे, तयार खिडकी तशीच मिळते, आणि मी ती जशी मिळाली तशी बसवली. मावशी, टॅबचं काम माझं. चटणी कुणी फिरवली ते आता तुम्हाला कळलं.

आमच्या शरणबसव सरांना दाखवलं. त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तीन खुर्च्या आणि एक कूलर, तीच आमची कंपनी.

"रेकॉर्ड खोटं बोलतंय का?" ते म्हणाले.

"नाही सर."

"बाईंनी रद्द दाबलं की नाही?"

"दाबलं. पण त्यांनी ठेवलं होतं."

"हे असलं हॉस्पिटलपुढं बोलू नकोस. तू बटणं कर, गुपचूप जागा बदल, आणि गप बस."

मी जागा बदलली नाही. तसाच टॅब घेऊन निवेदिता मॅडमकडे गेलो. काही समजावलं नाही, मला समजावता येत पण नाही. म्हटलं, मॅडम, एक पाळी पक्की करून दाखवा. टॅब त्यांच्यापुढे ठेवला, बाहेर गेलो आणि तिथून त्यांना फोन लावला. म्हटलं, मी तुमचा पेशंट, उद्या येतोय. त्यांनी हसत "या या" म्हटलं. काचेतून मला दिसत होतं, जुन्या कॉम्प्युटरच्या सवयीने बोट सरळ डावीकडे गेलं. मग त्यांनी स्क्रीन बघितली. फोन कानालाच धरून त्यांनी 'पाळी रद्द' हे शब्द बोट ठेवून परत वाचले.

तिथूनच म्हणाल्या, "आत ये. हे सगळं लिहून दे, तुझ्या नावानिशी."

लिहून दिलं. शुद्धलेखन त्यांनी सुधारलं. संध्याकाळी सरांनी मला काढलं. म्हणाले, "तू आज न्हाय तर उद्या पळणारच होतास." ते खोटं नव्हतं, खोलीत पिशवी भरून ठेवली होती. मल्लप्पांना उचलून आणलं त्याच दिवशी भरली होती. काही कळायच्या आधीच. मला जायची सवयच आहे, मावशी. काही बिघडलं की माझे पाय आपोआप स्टँडकडे वळतात, न बघता.

रेश्मा म्हणाली, तुम्ही 'चूक माझीच' असं लिहून, सही करून पाठवणार आहात, म्हणजे हॉस्पिटलच्या येत्या सोमवारच्या मीटिंगमध्ये विषय मिटेल. सही करू नका. एकदा सही केलीत की मग कुठल्याच काउंटरवर तुम्हाला कुणी बसवणार नाही, आणि तुम्ही स्वतःसुद्धा बसणार नाही. त्यापेक्षा तुम्ही स्वतः या. मॅडम बोलणार आहेत, मी पण असेन. नोकरी गेली म्हणून मला कुणी उठवू शकत नाही, खुर्चीच नाही माझी.

मल्लप्पांना यातलं काही माहीत नाही. पाळीला येतात तेव्हा रेश्माला बघून विचारतात, "अक्का यल्ली?" अक्का कुठे, म्हणजे तुम्ही. तिला कानडी येत नाही. ती मोठ्याने 'ठेवा' वाचते आणि दाबते.

आता एकच राहिलं. सगळ्या पत्रात मी त्याच्या कडेकडेने फिरतोय. टॅब आला त्या दिवशी मी परत हंपीला जायला होस्पेटची गाडी बघत मोबाईलमध्ये तोंड घालून उभा होतो. तुम्ही टॅब हातात घेतलात, उलटसुलट केलात आणि मला विचारलंत, "पोरा, हे जुन्यासारखंच हाय न्हवं?" मी मान वर न करता म्हटलं, "हो मावशी, तेच आहे."

तुम्ही आणखी काही विचारलं नाहीत. मी सांगितलं म्हणजे असेल, असं धरलंत.

बटणं अजून तशीच ठेवलीत, सोमवारी सगळ्यांना दिसावीत म्हणून. त्यानंतर मॅडमनी मलाच बदलायला सांगितलंय. पण मी एकट्याने बदलणार नाही. तुम्ही खुर्चीवर बसा, फोन मानेत धरा, कुणाशीतरी कानडीत बोला. बोट जिथे जाईल तिथे 'ठेवा' बसवतो. या वेळी तेच आहे की नाही, ते तुम्ही हात लावून बघा आणि तुम्ही मला सांगा.

पिशवी रिकामी केलीय. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीला मी स्टँडवर उभा आहे, आणि फक्त मंगळवेढ्याहून येणाऱ्या गाडीकडे बघणार आहे.

न विचारता तुमची भाकरी खाणारा
आणि विचारलंत तेव्हा न बघता उत्तर देणारा,
अवधूत