मलमलीचा पडदा

खोडाळा, एप्रिल १९९८

धाकले,

बाळासाठी नागलीचं सत्त्व करायचंय, गाळायला मलमल पाठव, असा तुझा निरोप आला. मलमल आहे माझ्याकडे. गावच्या नाटकात तू अप्सरा झालीस, तेव्हा मी शिवलेला पडदा. आता त्यातून विहिरीचं गढूळ पाणी गाळते.

त्या दिवशी गौतमराव मला बघायला आले होते. बाबाच म्हणाले, “आलात तर नाटक बघूनच जा.” तू पडद्यामागे नाचलीस, आणि सकाळी मागणी आली ती तुला.

बाजारातून नवी मलमल घेऊन पाठवीन. ही देणार नाही, आणि हे पत्रही टाकणार नाही.

तुझ्यामागे बत्ती धरून मीच उभी होते. तीच पडद्यापुढे नेली असती, तर त्यांना नुसतं कापड दिसलं असतं.

तुझी थोरली बहीण,
कोंडी