हात स्पष्ट दिसायला हवेत

आई, तुला अक्षरं येत नव्हती, तरी मी कागदावरच लिहितोय. हातांनी सांगायचं तर तुझ्या चेहऱ्याकडे बघून सांगावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. गेले तीन महिने मी व्हिडिओ काढायला काय घ्यावं, चांगला फोन की छोटा कॅमेरा, एवढ्या एकाच प्रश्नात अडकलो होतो. तुझ्या धाकट्या बहिणीसाठी. खरं तर तुझ्यासाठी.

मावशीची नजर जातेय. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकेल तेवढं टिकेल. तुम्ही दोघी जन्मापासून बहिऱ्या, शाळा कुणी दाखवली नाही, म्हणून देवगावच्या घरात दोघींनी मिळून हातांची एक बोली तयार केली. मावशीचं सासर, कांद्याच्या बाजाराचं लासूर, म्हणायचं असेल तर कांदा सोलल्यासारखं करून डोळा पुसायचा. तुझ्या शिवणाच्या दुकानाचा मालक म्हणजे पायाने जमिनीवर दोन ठोके, कारण तो तुला तसाच बोलवायचा, फळीवर पाय आपटून. बहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात त्या खुणा वेगळ्या. ही तुमची बोली आता मावशीच्या हातात आहे आणि थोडी माझ्या, गंजलेली. तुझा एकही व्हिडिओ नाही. फोटो आहेत, पण प्रत्येक फोटोत तुझे हात मांडीवर ठेवलेले. म्हणजे प्रत्येक फोटोत तू गप्प आहेस.

दिवाळीनंतर एका रविवारी लासूरला गेलो आणि मावशीच्या स्वयंपाकघरात जुन्या फोनवर शूटिंग केलं. तिची सून भाकरी थापता थापता म्हणाली, "भावजी, मानसाचं तोंड सोडून हाताचा शिनिमा काढता व्हय? आत्याबाईला आता लईच भाव आला." मी हसलो. घरी येऊन बघतो तर चेहरा अगदी लख्ख, आणि हात म्हणजे नुसता धूर. मावशी बोलत होती आणि फोन तिचं बोलणं पुसत होता. कमी उजेडात हलतं काही आलं की असंच होतं, असं नंतर वाचलं. शिवाय फोन फोकस धरतो चेहऱ्यावर. त्याच्या लेखी माणूस म्हणजे चेहरा.

तो धूर बघताना मला आपलं नूतन कॉलनीतलं स्वयंपाकघर आठवलं. मी चौथीत आहे. दुपारी तू शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन आलीस आणि लांबूनच हात उंच करून काहीतरी विचारलंस. बरोबरची दोघं खिदळायला लागली. मी दोन्ही हात खिशात घातले. संध्याकाळी जेवताना मी तुला भाजी मागितली, तर तू उठून स्वयंपाकघरातला दिवा घालवलास. अंधारात तुला माझं काही दिसत नाही, मला तुझं काही दिसत नाही. तू शांतपणे जेवलीस, मला ताटलीचा आवाज ऐकू येत होता. मग दिवा लावून तू विचारलंस, कसं वाटलं? आयुष्यात तू मला मारलेलं आठवत नाही. एवढं एकदा रागावलीस.

तर मी खरेदीच्या मागे लागलो. रात्रंदिवस तुलना. बायको म्हणाली, "एवढ्या दिवसांत माझं स्थळ बघून, लग्न होऊन, माहेरपणही झालं होतं. तू फोन घेतोयस की जावई शोधतोयस?" शेवटी पैठण गेटजवळच्या एका दुकानात गेलो. मालक पन्नाशीतले. एकेक फोन काढून माझ्याच चेहऱ्यावर धरत होते. मी म्हटलं, हात कसे येतात ते बघायचंय. "अरे साब, सब लोगां चेहरा देखते, तुम हाथां कायकू देखरे?" मी कारण सांगितलं. मग उठून त्यांनी दुकानातले अर्धे दिवे बंद केले. "घर में दुकान जैसी रोशनी किदर रहती? अब देखो." आणि माल उशिरा पाठवणाऱ्या कुणा व्यापाऱ्याला दोन्ही हातांनी मनसोक्त शिव्या देऊन दाखवल्या, मी शूट करत राहिलो. महागड्या फोनमध्ये हात बरे आले. छोट्या कॅमेऱ्यात बोटं मोजता आली, कारण त्यात शटरचा वेग आपल्याला ठरवता येतो आणि चेहरा शोधायची त्याची खोड बंद करता येते. मालक म्हणाले, "कॅमेराच लेलो." तरी मी महागडा फोनच घेतला. रोज खिशात राहील, रोजच्या वापराला होईल, असा हिशोबी विचार केला.

तो चुकला. फोन हातात धरला की माझा एक हात अडकतो, म्हणजे मी अर्धा मुका. म्हणून स्टँड लावला. तर मावशी फोनकडे बघून ओळखीचं हसली, पदर सारखा केला आणि फोनलाच विचारायला लागली, जेवलीस का? पोरं कशी आहेत? तिची नात पुण्याहून व्हिडिओ कॉल करते ना, त्यामुळे समोर उभा ठेवलेला फोन म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, हे तिला पक्कं. मी सांगितलं, कुणी नाही. तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. पुढचा तासभर ती नातीला कळेल असं, हळू, मोठं, सोपं बोलत राहिली. पाहुण्यांशी बोलतात तसं. त्यात तुमची बोली नव्हतीच.

संक्रांत झाल्यावर तोच छोटा कॅमेरा आणला. मालक म्हणाले, "मैं बोला था ना." आता सकाळच्या उन्हात, अंगणात, कॅमेरा बाजूला ठेवतो आणि मी मावशीसमोर बसतो. कॅमेऱ्यातून कुणी फोन करत नाही, म्हणून ती त्याच्याकडे बघत नाही, माझ्याशी बोलते. भरभर, अर्धवट, चेष्टा करत, मला शंभरातलं सत्तर कळेल असं. पण तीन महिन्यांत तिची नजर आणखी आवळलीय. समोरची हातभर चौकट तेवढी तिला दिसते. मी तेवढ्यात माझे हात धरून बोलतो. दिवाळीत मला एवढं जवळ बसावं लागत नव्हतं. ते दिवस मी तुलना करण्यात घालवले, आणि ते कॅमेऱ्यासाठीच घालवले का, हे मी स्वतःला विचारतो.

कारण मला माहीत होतं ती काय विचारणार. परवाच्या रविवारी विचारलंच. ताई शेवटी काय म्हणाली? अठरा वर्षांपूर्वी तिला घाटीत, त्या सरकारी दवाखान्यात, कुणी आणलं नव्हतं, तिच्यापर्यंत निरोप पोचला तो तू गेल्याचाच. मी म्हणालो, तुझी आठवण काढली. म्हणाली, धाकटीला एकटं पडू देऊ नको. हे मी तुझ्या लकबीने म्हणालो, "धाकटी"साठी तू करंगळी गालाला लावायचीस तशी. मावशी हसली. तशीच होती ती, म्हणाली, आणि परत करून दाखवायला सांगितलं. मी परत केलं. आजवरचं सगळ्यात चांगलं आलेलं शूटिंग तेच आहे. ऊन बरोबर पडलंय, एकेक बोट वेगळं दिसतं. तुझी बोली जपायला निघालो आणि त्यात तुझं म्हणून एक वाक्य मी स्वतः घातलं. ते पुसावं असं दोनदा मनात आलं, पण मावशीचं हसणं त्याच तुकड्यात आहे.

हे कुणाला द्यायचं पत्र नाही, वहीतच राहील. घाटीत तुझा उजवा हात सलाईनसाठी फळीला बांधला होता. नर्सला सांगायला हवं होतं की हा हात सोडा, ती यानेच बोलते. मी सांगितलं नाही, गर्दी होती, मला संकोच वाटला. दुपारी तू डाव्या हाताने काहीतरी म्हणालीस. मग पुन्हा एकदा म्हणालीस, सावकाश. मी मान हलवून हो म्हटलं. आई, मला कळलं नव्हतं.