टोस्टर तू निवड, ताई

लातूर

प्रिय अवधूत,

'प्रिय' सवयीनं लिहिलं, मनापासून नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू 'ताई, बॅच चालू आहे' म्हणून ठेवून देतोस आणि माझा राग तोंडातल्या तोंडात राहतो. म्हणून पत्र. हे मधेच ठेवून देता येणार नाही. फाडता येईल, पण वाचल्याशिवाय फाडणारा तू नाहीस, एवढं मी तुला ओळखते.

तर टोस्टर. तू कळवलंस, वास्तुशांत सकाळी, नव्या शेगडीवर दूध ठेवणार तुझ्या मनस्विनीची मावसबहीण, आणि मी दुपारी जेवणाच्या वेळेला सावकाश यायचं, कारण 'प्रवासाची दगदग नको'. वर पुन्हा लाडीगोडी, की टोस्टर तू निवड ताई, म्हणजे किचनला तुझा हात लागल्यासारखं होईल. वा रे वा! आपल्या घरात पहिलं दूध बहीण ठेवते आणि ते उतू जाईपर्यंत तिथून हलत नाही. बाबांच्या घरात आत्यानं ठेवलं होतं, एवढ्या धुरात डोळे चोळत उभी होती म्हणून आई अजून सांगते. तुझ्या घरात मात्र माझा हात विस्तवाला चालत नाही, विजेला चालतो. मी विधवा आहे हे मला माहीत आहे, अवधूत. तू ते टोस्टरच्या खोक्यात घालून पाठवायची गरज नव्हती.

तरी गेले मी गंजगोलाईच्या बाजारात. मन्मथच्या दुकानात. त्यानं तीन टोस्टर मांडले, एक लाल, एक पांढरा, एक आरशासारखा चकचकीत, ज्यात माझं रागावलेलं तोंड मलाच दिसत होतं. मी घरून पाव नेला होता. म्हटलं, लावून दाखव. तो म्हणाला, "लावून दाखवायची पद्धत न्हाई, ताई." म्हटलं, मग घ्यायचीही पद्धत नाही. शेवटी लावला बिचाऱ्यानं. लाल्यानं पाव एका बाजूनं करपवला, पांढऱ्यात तो अडकून बसला, चकचकीत होता त्यानं दोन्ही अंगांनी सारखा भाजला. दुकानभर खमंग वास सुटला आणि मला इतका संताप आला की मी स्टुलावर बसले. तोच वास रे. मेसच्या खोलीत, सकाळच्या बॅचला पळणाऱ्या पोरांसाठी मी तव्यावर पाव भाजायची, वरून वाटीनं दाबून. हाताखालची गुरम्मा मागं चहा गाळायची. करपलेला पाव कोणी घेत नसे, तेवढा तू उचलायचास आणि मला तोच आवडतो म्हणायचास. मला खरंच वाटायचं तुला आवडतो. नंतर कळलं, मला तो खावा लागू नये म्हणून उचलायचास. तोच का तू, हे मी आता विचारते आहे.

त्याच्याही आधीचं एक तुला आठवतं का बघ. उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि गणपती बोळवले त्या रात्रीनंतरची पहाट झालीच नाही. तुझे दाजी शेषेराव भिंतीखाली गेले. मी अंगणात होते म्हणून राहिले. तू बाबांबरोबर मला न्यायला आलास तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो, आणि सासूबाई साऱ्या गावादेखत म्हणत होत्या, "पांढऱ्या पायाची हाय ही. हिच्या पायानं गाव पडलं." बाबा खाली मान घालून उभे. आणि तू, खाकी अर्धी चड्डी, नाक वाहतंय, पुढं होऊन म्हणालास, "पायानं भूकंप होत न्हाई, आजी. खाली खडक सरकतेत म्हणून होतो. गुरुजींनी सांगितलंय." त्या शेडमध्ये माझ्या बाजूनं बोललेलं ते एकच माणूस होतं. त्या एका वाक्यावर मी लातूरला आले, मेस काढली, तुला जवळ ठेवून शिकवलं. गल्लोगल्ली क्लास निघाले, पोरांचे लोंढे आले, माझ्या चपात्या संपेनात. आता तू स्वतःच नांदेडला माइक लावून फिजिक्स शिकवतोस, फळ्यावर तेच खडक काढतोस, आणि त्या खडकांवर अर्धापूर रोडला घर बांधलंस. मला अभिमान होता. होता, असं लिहिते आहे.

इतके दिवस मी मनस्विनीच्या नावानं बोटं मोडत होते. वाटलं, तिच्या माहेरचं हे खूळ. काल तिनंच फोन केला, तुझ्या चोरून. म्हणाली, "ताई, हे माझं न्हाई. यांनीच ठरवलं. नव्या घराला काही झालं तर, म्हणत होते. मला राहवेना, म्हणून सांगून राहिले." मी तिला काय बोलणार! बिचारी रडत होती. घराला काही झालं तर. अरे, खडकांच्या मास्तरा! माझ्या सासूनं म्हटलं ते मी गिळलं, तिचा मुलगा गेला होता. तुझं काय गेलं होतं?

म्हणून हे पत्र, आधी सांगितलं नाही असं तुला म्हणता येऊ नये यासाठी. वास्तूच्या दिवशी मी दुपारी येत नाही. मुक्कामाला आदल्या दिवशीच नांदेडला आईकडे येते, आणि पूजेचे गुरुजी यायच्या आधी तुझ्या दारात असेन. टोस्टर घेतला आहे, तो चकचकीत. पिशवीत तळाशी ठेवला आहे, आणि त्याच्यावर मेसमधलं पातेलं, ज्यात तुझं दूध तापायचं. पातेलं शेगडीवर चढल्याशिवाय टोस्टर पिशवीतून निघायचा नाही. मला अडवायचं असेल तर उंबऱ्यावर अडव, सगळ्यांसमोर, आणि वर्गात बोलतोस त्या आवाजात सांग की बहिणीच्या पायानं घर पडतं. मात्र मोठ्यानं सांग. शेडमधला तो पोरगा मी बरोबर घेऊन येते आहे, त्यालाही ऐकू जाऊ दे.

तुझीच, अजून तरी,
राजश्रीताई