कोरड्या टबावरचा फेस

१ ऑगस्ट
कूलरच्या आतल्या भिंतीला मूठभर फेस चिकटलेला — पांढरा, घट्ट. उन्हाळा कधीच सरला, तरी कूलर पाण्यासकट अंगणातच. सांगून सांगून तोंड दुखलं. ह्यांनीच तिथं आंघोळ केली असणार! विचारलं तर, "मले कावून बोलून राहिली शेवंता? मी साबण तिकडं नेतच नाही."
घासणी घेतली आणि चकचकीत करून टाकलं.

३ ऑगस्ट
रविवार, म्हणून दीक्षाचा फोन. बाकी आठवडाभर आमची पोरगी बोर्निओच्या जंगलात, तिथं नेटवर्क नाही. बेडूक शोधते! इथं आमच्या कॅम्प-१ वस्तीत हे सांगायला सुरुवातीला मला लाज वाटायची, "फॉरेनला रिसर्च करते" एवढंच म्हणायचे. एकाच जंगलात केवढे प्रकार म्हणे. एक झाडाच्या ढोलीत बसून ढोली घुमेल असा ओरडतो. एक सुरईसारख्या पानातल्या पाण्यात पोरं वाढवतो. एक फांदीवरून झेप घेतो आणि तरंगत खाली येतो.
हिला हवंय एका झाडबेडकाचं घरटं. बेडूक दिसतो, घरटं दिसत नाही. रोज ओढ्याकाठी, भरलेल्या डबक्यांवर वाकून पानन् पान उलटते. ऑगस्ट संपेपर्यंत नाही मिळालं तर काम बंद, सामान बांधून घरी.
मला चालेल. नागपूरचं स्थळ आहे — पियूष, रेल्वेत इंजिनियर. ते लोक सप्टेंबरात येणार म्हणतात. घरटं मिळालं तर कामाला दोन वर्षांची मुदतवाढ, मग तिच्यासाठी कोण थांबतंय!
बोलता बोलता फेसाचं सांगितलं. तिनं रंग विचारला, जागा विचारली. मग म्हणाली, "आई, वो साबुन नव्हता. बेडकीचं घरटं होतं. फेसात अंडी असतात. तू घासून टाकली."
ती घासणी उचलून कचऱ्यात टाकली.

६ ऑगस्ट
डेंग्यूवाली बाई घरोघर फिरून गेली. कूलर रिकामा करा नाही तर मासे सोडा. रिकामा करायचा ह्यांना कंटाळा! पिशवीत पाणी घालून गप्पी मासे आणले. आता रोज ड्यूटीवरून आले की आधी माशांची चौकशी, मग माझी.

१० ऑगस्ट
दीक्षा. घरटं नाही. आवाज बसलेला. मी म्हटलं, ये घरी, सावजी रस्सा करते.

१५ ऑगस्ट
बेडकी परत आली! पण अक्कल बघा. शेजारी पाण्यानं भरलेला कूलर, आणि हिनं फेस कुठं केला? पुदिना लावायला ठेवलेल्या अर्ध्या ड्रमच्या टबात, आतल्या काठाला. पावसानं आठवडाभर दडी मारलेली, टब ठणठणीत कोरडा. पिल्लं फेसातून खाली पाण्यात पडतात, असं दीक्षानं सांगितलंय. इथं पडून काय करणार, माती खाणार?
शेजारच्या सिंधुताईला दाखवलं. म्हणाली, "लय येडी हाय बाप्पा."

१६ ऑगस्ट
येडी नाही. भाजी निवडताना डोक्यात आलं — कूलरमध्ये मासे आहेत. आपली लेकरं कोण माशांच्या तोंडात टाकेल? कोरड्या टबात खाणारं कोणीच नाही. पाऊस आला की पाणी होईल, लेकरं उतरतील. ती पावसावर भरोसा ठेवून बसलीय.
आणि माझी पोरगी तिकडे भरलेल्या डबक्यांवर शोधून राहिलीय.
नाही सांगितलं तर दोन आठवड्यांत घरी येते. फोन तिचा उद्या.
 पोळ्या दोन जळल्या.

१७ ऑगस्ट
सांगितलं! ठरवलं होतं गप्प राहायचं. पण तिनं "कशी आहेस आई" एवढंच विचारलं, त्या बसक्या आवाजात, आणि मी टबापासून माशांपर्यंत सगळं ओकले. म्हणाली, "हात लावू नको. पाणी पण टाकू नको. सिर्फ देख."

२० ऑगस्ट
सकाळपासून धो धो. छत्री घेऊन टबाशी स्टूल टाकून बसले. हे म्हणाले, "न्युमोनिया होईन तुले." होऊ दे. टबात चांगलं वीतभर पाणी झालं. फेस ढिला पडला, लोंबायला लागला — आणि टपकन् एक पिल्लू पाण्यात! मग एकामागून एक. सगळी वळवळत, जिवंत. मी टाळ्या वाजवल्या. भर पावसात, या वयात, टाळ्या!
व्हिडिओ काढला. निम्मा माझ्या बोटाचा आलाय. तरी पाठवला.

२४ ऑगस्ट
व्हिडिओ तिच्या सगळ्या टीमनं पाहिला, बोटासकट. रानडुकरं लोळून जंगलात खड्डे करतात, त्यातले आटलेले कोरडे खड्डे टीमनं सोडूनच दिले होते. उद्यापासून तेच बघणार. एकच आठवडा उरलाय.

२८ ऑगस्ट
बुद्धविहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला बसले, पण लक्ष सारं डुकरांच्या खड्ड्यात.

३१ ऑगस्ट
मिळालं!
कोरड्या खड्ड्यावर वाकलेल्या फांदीला, पानांत गुंडाळलेला फेस. फोनवर दीक्षा रडत होती, मागं तिची माणसं ओरडत होती. मला स्पीकरवर घेतलं. मी म्हटलं, जयभीम. सगळे म्हणाले, जयभीम! मलेशियाची माणसं!
संध्याकाळी विहारात वाचन झाल्यावर उभी राहिले आणि सांगितलं — माझी मुलगी बेडकांवर काम करते. फॉरेन-बिरेन नाही, बेडकांवर. हे पेढे वाटत होते आणि प्रत्येकाला मासे आपण आणले हे सांगत होते. मी सांगू दिलं.

५ सप्टेंबर
दीक्षाचा शहरातून मेसेज — दोन वर्षं मुदतवाढ मिळाली. दुपारी नागपूरहून पियूषच्या आईचा फोन — रविवारी येऊ का? मी म्हटलं, "पोरगी नाही येऊन राहिली. कामात आहे थे. तुमच्या पोराले म्हणा पासपोर्ट काढ." फोन ठेवला, आणि मग स्टूल टाकून टबातल्या पिल्लांपाशी बसले — दोन वर्षं पोरगी घरी नाही.